मूरेआ बेटावरील वृक्षगोगलगाय

प्रशांत महासागरात ताहितीच्या वायव्येस सुमारे १७ किलोमीटर अंतरावर मूरेआ हे डोंगराळ बेट आहे. तेथील सर्वोच्च शिखर तोहिएआ. या शिखराच्या नावावरून ‘पार्ट्युला तोहिवेआना’ हे नाव मिळालेली वृक्षगोगलगाय जगात अन्यत्र कोठेही आढळत नाही. तिचा शंख जेमतेम बोटाच्या पेराएवढा. रात्री बाहेर पडून ती कुजका पालापाचोळा व पानांवरील शेवाळ खाते. उभ्या पिकास तिचा उपद्रव नाही. अंडी न घालता ती एका वेळी एकच जिवंत पिल्लू प्रसवते. संततिवाढीचा हा मंद वेग ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे.

१९६७ मध्ये ताहितीत आफ्रिकेतील मोठी गोगलगाय आणली गेली. आपल्याकडे तिला शंखी गोगलगाय म्हणतात. गोगलगायी पिकाचे काय करतात, हे २०२२ च्या खरिपात मराठवाड्यातील सोयाबीन उत्पादकांनी अनुभवले आहे. तेथेही ती बागा व मळे फस्त करू लागली. तेव्हा फ्लॉरिडातील एक मांसाहारी गोगलगाय १९७४ मध्ये ताहितीत व १९७७ मध्ये मूरेआवर सोडण्यात आली. गोगलगायीकडूनच गोगलगायीचा नाश करविण्याची ही योजना कागदावर बिनतोड होती. प्रत्यक्षात या भक्षकाने चिकट मागाचा माग काढीत झाडांवरच्या लहान, निरुपद्रवी गोगलगायीच गाठल्या. मूरेआवर पार्ट्युलाच्या ७ जाती होत्या. सुमारे दहा वर्षांत त्या रानातून दिसेनाशा झाल्या. शंखी गोगलगाय मात्र टिकून राहिली.

सुदैवाने ब्रायन क्लार्क व जेम्स मरे हे शास्त्रज्ञ आनुवंशिकतेच्या अभ्यासासाठी या गोगलगायींवर अनेक वर्षे काम करीत होते. त्यांनी व सहकाऱ्यांनी वाचविलेल्या मूठभर जिवांची पैदास परदेशातील प्रयोगशाळांत व प्राणिसंग्रहालयांत पिढ्यान्‌पिढ्या चालू राहिली. २०१५ पासून त्यांच्या वंशजांना मायभूमीत परत सोडले जात आहे. एकट्या २०२३ मध्ये ताहिती व मूरेआ येथे मिळून ५,००० हून अधिक गोगलगायी सोडल्या गेल्या. प्रत्येकीच्या शंखावर रंगाचा ठिपका दिलेला होता. २०२४ मध्ये तोहिवेआनाचे ठिपका नसलेले प्रौढ जीव सापडले, म्हणजेच ते रानातच जन्मले होते. त्यामुळे ‘निसर्गातून नष्ट’ या वर्गातून ही जात ‘अतिसंकटग्रस्त’ वर्गात आली. नोंदवहीत ही एका रकान्याची अदलाबदल. तिच्यासाठी जवळजवळ चाळीस वर्षे लागली.

भक्षक गोगलगायीचा या बेटांवरून अद्याप पूर्ण नायनाट झालेला नाही. न्यू गिनीतून आलेला, गोगलगायी खाणारा एक चपटा कृमीही आता तेथे पोहोचला आहे.