डग्गा पुढे, तंबोरा गायब

लॅमिंग्टन रोडवरच्या एका दुकानात प्रस्तुत लेखकाने साडेनऊ हजारांचा हेडफोन सात मिनिटांत पसंत केला. बाहेर टॅक्सीवाल्यांचे भोंगे चालू होते आणि आत एसी घरघरत होता. सात मिनिटं हा हिशेब नंतरचा. त्या वेळी आपण तीन मॉडेलं आळीपाळीने कानाला लावून, डोळे मिटून, मोठ्या चोखंदळपणे निवड करतो आहोत अशी लेखकाची प्रामाणिक समजूत होती. काउंटरवरच्या पोराने स्वतःच्या फोनवर सिनेमातलं एक नाचगाणं लावलं, आवाज पाऊणपर्यंत चढवला आणि विचारलं, "बास कसा वाटतो, साहेब?" बासने डोकं आतून हलत होतं. झांजा कानाशी फुटत होत्या. साहेबांनी मान डोलावली आणि कार्ड पुढे केलं.

रात्री घरातले झोपल्यावर लेखकाने भीमसेन जोशींच्या एका मैफलीचं ध्वनिमुद्रण लावलं. ते तो वीसेक वर्षं ऐकत आला आहे. खोकला कुठे येतो, दाद कुठे येते हेही पाठ. त्या रात्री मैफलीची बैठकच बदललेली होती. डग्गा गवयाच्या पुढ्यात येऊन बसला होता. प्रत्येक 'धा' उशीत बुक्का मारावा तसा. बुवांचा आवाज गोधडीआडून येत होता, पण त्यातला 'स' आला की सुई टोचल्यासारखा. आणि तंबोरे? दोन तंबोरे या ध्वनिमुद्रणात आहेत हे लेखकाला माहीत होतं म्हणूनच ते आहेत असं म्हणायचं.

दुसऱ्या दिवशी कार्यालयात असताना पत्नीचा व्हॉइस मेसेज आला: येताना दूध आणि कढीपत्ता. तो त्याच हेडफोनवर ऐकला. सतरा वर्षांच्या संसारातला तो आवाज रांजणात तोंड घालून बोलल्यासारखा आला. मैफलीबाबत अजून शंकेला जागा होती. इथे ती उरली नाही.

दुकानदाराने फोनवर शांतपणे सांगितलं, "खोका फोडला की माल परत नाही. आणि साहेब, नवा आहे तो. पन्नास तास वाजू द्या, आवाज खुलतो." लेखकाने पन्नास तास वाजवला. आवाज खुलला नाही. लेखकाचे कान मात्र थोडे सरावले. या 'खुलण्या'बद्दल इथेच सांगून टाकायला हवं. कानावरच्या गाद्या वापराने मऊ होतात, डोक्यावर नीट बसू लागतात आणि त्याने थोडा फरक पडू शकतो. बाकीचा बराचसा बदल ऐकणाऱ्याच्या मेंदूत होतो. चार दिवस ऐकलेला कोणताही आवाज सवयीचा वाटतो. जिथे माल परत करायला आठ-दहा दिवस मिळतात तिथे पन्नास तासांचा सल्ला कोणाच्या सोयीचा, हे ज्याने त्याने ताडावं.

चूक कुठे झाली हे शोधायला लेखकाला पुढचे तीन महिने लागले. पहिली चूक मोठ्या आवाजाची. तीन मॉडेलांपैकी निवडलेलं मॉडेल त्याच बटणावर इतर दोघांपेक्षा मोठं वाजत होतं, इतकंच. दोन हेडफोन शेजारी ठेवून ऐकले आणि त्यातला एक किंचित जरी मोठा वाजला, तरी ऐकणारा 'हा मोठा आहे' असं म्हणत नाही. 'हा जास्त स्पष्ट आहे, भरीव आहे' असं म्हणतो. त्यामुळे तुलना करायची तर आधी दोघांवर तेच साधं बोलणं लावून आवाज कानाला सारखा करून घ्यायचा. दुकानातलं पोरगं त्याआधीच गाणं बदलतं, तेव्हा आपला फोन आणि आपलं गाणं घेऊन जाणं बरं. लेखक ज्या फोनवर भुलला त्यात इक्वलायझरही चालू असावा, असा त्याला आता दाट संशय आहे.

मोठ्या आवाजाचा दुसरा खेळ कानातच आहे. बेल लॅबोरेटरीजच्या फ्लेचर आणि मन्सन यांनी 1933 मध्ये माणसाच्या कानाचे जे आलेख प्रसिद्ध केले, त्यांतून एक गोष्ट स्पष्ट झाली: आवाज जितका हळू, तितका कान खर्जाला बहिरा. आजच्या आंतरराष्ट्रीय मानकाचे आकडे घ्यायचे तर 1,000 हर्ट्झचा सूर 40 डेसिबलला जेवढा मोठा वाटतो, तेवढाच मोठा वाटायला 100 हर्ट्झच्या सुराला सुमारे 64 डेसिबल लागतात. आवाज चढवला की ही दरी कमी होते आणि खर्ज भराभर वर येतो. म्हणजे दुकानात पाऊण आवाजावर ऐकलेला तोल आणि रात्री हळू आवाजात ऐकायचा तोल या दोन वेगळ्या गोष्टी. जो नेहमी हळूच ऐकतो त्याला थोडा वाढीव खर्ज सोयीचाच पडतो. लेखकाच्या हेडफोनमधला वाढीव खर्ज 'थोडा' नव्हता, आणि दुकानात तो जाणवला नाही याचं कारण एसी आणि रस्ता. त्यांची घरघर खालच्या पट्टीतली. तिने हेडफोनचा तेवढाच खर्ज झाकून टाकला होता. घरच्या शांततेत झाकण निघालं.

आणि मग त्या खर्जाने तंबोऱ्याला झाकलं. खालचा दणकट सूर आपल्या वरच्या नाजूक सुरांना कानातच दाबून टाकतो. उलट फारसं होत नाही. तंबोरा हे वाद्य तर नाजूक सुरांचंच. काळी एकमध्ये गाणाऱ्या पुरुष गवयाचा षड्ज साधारण 139 हर्ट्झ, खर्जाची तार त्याच्या निम्मी, 69 हर्ट्झच्या आसपास. पण तंबोऱ्याचा नाद त्या मूळ सुरापेक्षा त्याच्या वर उठणाऱ्या उपस्वरांचा असतो. घोडीवर तारेखाली सुताचा धागा सरकवून जवारी लावतात ती त्यासाठीच. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी 1921 मध्ये भारतीय तंतुवाद्यांवर जो निबंध लिहिला, त्यात तंबोऱ्याच्या घोडीचं हेच वैशिष्ट्य त्यांनी दाखवलं: तार जिथे छेडली तिथे जे उपस्वर उमटायलाच नकोत असा तेव्हाचा नियम होता, तेही या वाद्यात ठणठणीत ऐकू येतात.

यातून लेखकाला त्याची सगळ्यात उपयोगी कसोटी सापडली. नुसत्या तंबोऱ्याचं चांगलं ध्वनिमुद्रण हळू आवाजात लावायचं आणि खर्जाच्या तारेवर कान ठेवायचा. जाणकार ज्याला स्वयंभू गांधार म्हणतात तो त्या तारेतून आपोआप उमटतो. तो तारेचा पाचवा उपस्वर, काळी एकच्या तंबोऱ्यात साधारण 346 हर्ट्झचा. चांगल्या तोलाच्या हेडफोनवर तार छेडल्यावर क्षणभराने तो वर तरंगताना ऐकू येतो. साडेनऊ हजारांच्या हेडफोनवर नुसतं 'घुंम्' झालं. घरातल्या सातशे रुपयांच्या जुन्या इअरफोनवर गांधार होता. बारीक, पण जागच्या जागी.

सातशे विरुद्ध साडेनऊ हजार हा लेखकाचा एकट्याचा चमत्कार नव्हे. येरून ब्रेबार्ट या संशोधकाने 2017 मध्ये 283 हेडफोनांची मापं तपासली. किंमत आणि ध्वनीचा तोल यांच्यात त्याला संबंध आढळला नाही. जास्तीचे पैसे कातड्यात, बॅटरीत, नावात जातात. ते वाया जातात असं नाही, पण तोल त्यांच्याबरोबर येईलच असंही नाही.

तबल्याची कसोटी त्याहून सोपी. डग्ग्यावर मनगट घासून काढलेला घुमारा खालून वर चढताना सलग ऐकू यायला हवा; मध्येच एका ठिकाणी तो फुगला तर तिथे हेडफोनने पदरची भर घातली आहे. चाटेवरचा 'ना' कडक यावा, पण काच तडकल्यासारखा नव्हे. अभंगातले टाळ पितळेचे वाटले पाहिजेत. पत्र्याचे वाटले तर वरची पट्टी उचललेली आहे. पेटीवर एक एक पट्टी दाबत सावकाश वर गेलेलं ध्वनिमुद्रण मिळालं तर फारच छान. एखादाच सूर रांगेतून पुढे उडी मारतो का, हे त्यात लगेच कळतं. 'स'चा सीत्कार साधारण 5 ते 8 हजार हर्ट्झमध्ये असतो, आणि बातम्या वाचणाऱ्या बाईंचं पाच मिनिटं ऐकून कान शिणला तर दोष बाईंचा नसतो.

चुकीचं साहित्य घेऊन मात्र कसोटी लावू नये. लेखकाने उत्साहाच्या भरात बालगंधर्वांच्या जुन्या तबकड्यांवरची पदंही लावून पाहिली आणि 'याला खर्जच नाही' असा निकाल दिला. 1925 मध्ये विजेवरचं मुद्रण सुरू होण्याआधी गायक कर्ण्यात गात. त्या तबकड्यांत अडीच हजार हर्ट्झच्या वरचं फारसं काही उतरत नसे आणि अगदी खालचंही नाही. जे मुळात मुद्रितच नाही ते हेडफोनने कुठून आणावं?

दुसऱ्या हेडफोनच्या वेळी लेखक फार सावध होता, आणि सावध माणसाची फजिती जरा जास्त रंगते. 'स्टुडिओवाले हाच वापरतात' असं ऐकून त्याने एक वापरलेला, वायरचा हेडफोन घेतला. तंबोरा परत आला, गांधार आला, पण डग्गा साफ गेला. तबलजी दोन बोटांनी टेबल वाजवतोय असं वाटावं. लेखक तोही विकायला निघाला होता. ध्वनिमुद्रणाचं काम करणाऱ्या एका मित्राने तो कानाला लावून पाहिला, मग लेखकाकडे नीट पाहिलं आणि म्हणाला, "अरे, चष्मा काढ की."

चष्मा काढला. डग्गा आला.

चष्म्याच्या काड्या गादीखाली फट पाडतात आणि त्या फटीतून सगळ्यात आधी खर्ज निसटतो. जाड केस, कानातलं, टोपीची कडही तेच करते. तपासायची रीत सोपी: गाणं चालू असताना दोन्ही तळव्यांनी हेडफोन हलकेच डोक्याशी दाबायचा. खर्ज एकदम वाढला तर गळती आहे. कानात घालायच्या इअरफोनचंही तसंच. खोक्यात रबरी टोप्यांच्या दोन-तीन मापांच्या जोड्या असतात. बहुतेक जण लावून आलेलीच ठेवतात, बाकीच्या खोक्यातच राहतात आणि मग 'याला बास नाही' म्हणून तक्रार होते. डाव्या आणि उजव्या कानाला वेगळं माप लागलं तरी त्यात लाजण्यासारखं काही नाही.

मित्राने आणखी एक गोष्ट समजावली. लेखक तोवर हेडफोनच्या आलेखाची रेष सपाट असायला हवी असं धरून चालला होता. पण आपली साधारण अडीच सेंटिमीटरची कर्णनलिका 3,000 हर्ट्झच्या आसपासचे सूर आपणहून बरेच वाढवते, आणि समोरून येणारा प्रत्येक आवाज आपण जन्मापासून त्या वाढीसकट ऐकतो. हेडफोन कानाला चिकटलेला असल्याने तो ही वाट बिघडवतो; म्हणून तिथला चढ त्याला स्वतःच राखावा लागतो. तो राखला नाही तर आवाज गोधडीत जातो. पहिल्या हेडफोनवर बुवा तिथेच अडकले होते.

हार्मन कंपनीतल्या शॉन ऑलिव्ह आणि टॉड वेल्टी यांनी गेल्या दशकात अनेक लोकांना हेडफोन ऐकवून हेच तपासलं. चांगल्या खोलीत चांगला स्पीकर जसा ऐकू येतो, त्याच्या जवळ जाणारा तोल बहुतेकांना आवडला. त्यांच्या पाहणीत सुमारे 64 टक्के ऐकणारे त्या तोलाच्या बाजूचे निघाले, 15 टक्क्यांना खर्ज त्याहून जास्त हवा होता आणि 21 टक्क्यांना कमी. आवड वेगवेगळी असते हे खरं, पण वाटते तितकी नसते.

आता शेवटची फजिती, जी लेखकाने बरेच दिवस कोणाला सांगितली नाही. दुसऱ्या हेडफोनवर गवई हळूहळू उजवीकडे सरकू लागला. एकट्या माणसाचं बोलणं हेडफोनवर कपाळाच्या मधोमध यायला हवं. ते उजव्या भुवईवर आलं. डावी बाजू मेली असं ठरवून लेखकाने विकणाऱ्याला चार ओळींचा खरमरीत निरोप धाडला. उत्तर एका ओळीचं आलं: "उलटा घालून बघा." फोनच्या सेटिंगमध्ये डावं-उजवं समतोलाची एक पट्टी असते, ती आधी मधोमध आहे ना पाहावी. मग हेडफोन उलटा घालावा. आवाज दुसऱ्या बाजूला गेला तर दोष यंत्राचा. गेला नाही तर?

तो गेला नाही. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी डाव्या कानातून जो मळ काढला तो ट्रेमध्ये ठेवून लेखकाला दाखवला. त्या संध्याकाळी गवई मधोमध आला आणि विकणाऱ्याला माफीचा निरोप गेला.

साडेनऊ हजारांचा पहिला हेडफोन आता नाशिकला भाच्याकडे आहे. तो ढोलपथकात आहे. परवा फोनवर म्हणाला, "मामा, काय वाजतो हा! तू का दिलास?" लेखकाने त्याला त्या 15 टक्क्यांबद्दल सांगितलं. पलीकडे इतका दणदणाट चालू होता की त्याने ते ऐकलं असेल असं वाटत नाही.