लेहच्या उंचीवर धाप लागली, तर सकाळची वाट पाहू नका

रविवारी वंदनेनंतर विहारात आम्ही बी.पी. आणि साखर तपासतो. तिथे एका आईने विचारले, "ताई, पोरीच्या मैत्रिणी लडाखला चालल्या. तिचा सिकलसेलचा ए.एस. पॅटर्न आहे. पाठवू का?"

बुद्धगया, सारनाथ, कुशीनगर, लुंबिनी ही आपली तीर्थस्थळे मैदानी भागात आहेत. तिथे विरळ हवेचा त्रास नाही. पण आता आपले उपासक-उपासिका हेमिस, ठिकसे येथील विहार पाहायला विमानाने लेहला जातात. अनेक घरांतली मुले फौजेत असून त्यांची नेमणूक तिकडे होते. म्हणून ही माहिती प्रत्येक घरात हवी.

उंचीवर काय होते?

नागपूर समुद्रसपाटीपासून सुमारे 310 मीटरवर, तर लेह 3,500 मीटरवर आहे. तिथे एका श्वासात मिळणारा ऑक्सिजन इथल्या दोन तृतीयांश असतो. शरीर त्याची सवय करून घेते, पण त्याला काही दिवस लागतात. 1962 च्या चीन युद्धाच्या काळात मैदानातले जवान घाईने उंचावर पाठवले गेले आणि आजारी पडले. भारतीय लष्करी डॉक्टरांनी अशा 1,925 जवानांचा अभ्यास 1969 मध्ये प्रसिद्ध केला. ते सगळे तरुण, धडधाकट होते. म्हणजे "मला काही होत नाही" हा भरवसा खोटा आहे. सुट्टी संपवून परत वर जाणाऱ्या जवानालाही हा आजार होऊ शकतो.

साधा त्रास आणि जीवघेणा त्रास

डोके दुखणे, मळमळ, झोप न लागणे हा साधा त्रास. अशा वेळी आराम करावा, आणखी वर जाऊ नये. दोन आजार मात्र जीव घेतात.

फुप्फुसात पाणी होणे: बसल्या जागी धाप लागते, खोकला येतो, ओठ निळे पडतात, पुढे गुलाबी फेस येतो. हा बहुधा दुसऱ्या ते चौथ्या दिवशी, रात्री वाढतो. लोक सर्दी समजून बसतात.

मेंदूला सूज येणे: माणूस असंबद्ध बोलतो, झोकांड्या खातो. एका पावलाच्या टाचेला दुसऱ्याचा अंगठा लावत त्याला सरळ रेषेत चालायला सांगा. तोल गेला, तर धोका आहे असे समजा.

वाटेत, दवाखाना दूर असताना

1. लगेच खाली उतरवा. निदान 300 ते 1,000 मीटर. रात्र असली तरी थांबू नका. चालवत नेऊ नका, गाडीने न्या.
2. ऑक्सिजन असेल तर लावा. बसते ठेवा, ऊब द्या, एकटे सोडू नका.
3. मेंदूच्या सुजेवर डेक्सामेथासोन (आधी 8, मग दर सहा तासांनी 4 मिलिग्रॅम) आणि फुप्फुसाच्या त्रासावर निफेडिपिन देतात. निघण्यापूर्वीच डॉक्टरांकडून ही औषधे लिहून व समजून घ्या. औषध दिले म्हणून उतरणे टाळू नका.
4. दारू, झोपेची गोळी अजिबात नको.

पँगाँग सरोवर सुमारे 4,250 मीटरवर आहे. तिथून लेहला येताना आधी 5,300 मीटरहून उंच चांगला खिंड चढावी लागते. म्हणून गंभीर रुग्णाला घाईने थेट लेहकडे काढू नका. आधी सरोवरापेक्षा खाली असलेल्या तांगत्से गावी आणा, ऑक्सिजन व वैद्यकीय मदत मिळवा, मग पुढे न्या. वाटेतल्या लष्करी चौकीवर मदत मागायला संकोच करू नका.

सिकलसेल असेल तर

आपल्या विदर्भात आणि आपल्या समाजात सिकलसेलचे प्रमाण मोठे आहे. एस.एस. पॅटर्नच्या रुग्णांनी एवढ्या उंचीवर जाऊ नये. तिथे कमी ऑक्सिजनमुळे वेदनेचा झटका येऊ शकतो. ए.एस. वाहक एरवी ठणठणीत असतात, पण उंचीवर काहींच्या प्लीहेचा रक्तपुरवठा बंद पडतो. डाव्या बरगडीखाली जोराची कळ आली, तर पोटदुखी समजून ओवा देत बसू नका. खाली उतरवा आणि दवाखान्यात सिकलसेलचे सांगा. पॅटर्न माहीत नसेल तर मेडिकल किंवा डागा रुग्णालयात तपासणी करून घ्या.

त्या आईला आम्ही सांगितले: आधी डॉक्टरांना दाखवा. त्यांनी होकार दिला, तर पोरीने लेहमध्ये पहिले दोन दिवस पूर्ण आराम करावा, पाणी पीत राहावे, दमछाक टाळावी. पुढे रोजचा मुक्काम 500 मीटरपेक्षा जास्त उंच नको. डायमॉक्स घ्यायची का, तेही डॉक्टरांनाच विचारा. आणि सोबतच्या मुलींना तिचा पॅटर्न ठाऊक असू द्या.

या आजारात रोग्याला स्वतःचे भान राहत नाही, म्हणून ओळखायचे सोबत्यानेच. अतिसाराने पडलेल्या, कुणी न विचारलेल्या भिक्खूला तथागतांनी स्वतः धुऊन काढले आणि संघाला एकमेकांची शुश्रूषा करायला सांगितले. सहलीला निघताना जोड्या लावा. प्रत्येकाने रोज सकाळ-संध्याकाळ आपल्या जोडीदाराची चाल आणि श्वास पाहावा.

जयभीम!