वेशीपलीकडे

दिवाळीची सुटी संपून शाळा भरली आणि पहिल्याच दिवशी गुरुजींनी फळ्यावर निबंधाचा विषय लिहिला : 'मी केलेला प्रवास'. मुलांच्या लेखण्या भराभर चालू लागल्या. कोणी महाबळेश्वरला जाऊन आला होता, कोणी गोव्याचा समुद्र पाहून आला होता, तर कोणी विमानात बसल्याचे शेजाऱ्याच्या कानाशी लागून सांगत होता. एका मुलाची वही मात्र कोरी राहिली. अमरावतीच्या जुन्या वस्तीत दोन खोल्यांच्या घरात राहणारा तो सहावीतील मुलगा. त्याचे वडील कापडाच्या एका दुकानात हिशेब लिहीत. घरात आई, सात वर्षांची बहीण आणि अठ्ठ्याहत्तर वर्षांची आजी. सुटीत प्रवासाला जाण्याइतका पैसा त्या घरात कधी उरत नसे. शेजारच्या मुलाने कुतूहलाने विचारले, तेव्हा तो चटकन म्हणाला, "आम्ही सिमल्याला गेलो होतो."

शब्द तोंडातून गेले खरे; पण दिवसभर ते त्याच्या मनाला टोचत राहिले. संध्याकाळी आजीच्या मांडीवर डोके ठेवून त्याने सारे सांगितले आणि त्याला रडू कोसळले. दारात चपला काढणाऱ्या वडिलांच्या कानावर ते बोलणे पडले. मुलगा खोटे बोलला याचा त्यांना राग यावयास हवा होता. परंतु ज्या लाजेपोटी तो खोटे बोलला, ती लाज त्यांना अधिक लागली. ते काही न बोलता बसून राहिले. आजीनेच शांतता मोडली.

"लेकरा, जवळचं पाहाले पैसा नाही लागत, पाय लागतात. काखेत कळसा अन् गावाले वळसा, तसं झालं तुमचं."

त्या रात्री वडिलांनी हिशेबाच्या वहीचे शेवटचे पान उघडले आणि त्यावर लिहिले : 'रविवार'. महिन्यातून एका रविवारी सर्वांनी मिळून बाहेर पडावयाचे, घरची भाकर बरोबर न्यावयाची आणि झालेला खर्च त्या पानावर लिहावयाचा, असे ठरले.

पहिल्या रविवारी कोठे जावे? वडील म्हणाले, "आपण रोज ज्या दरवाजातून जातो, तोच आधी पाहू." अमरावतीच्या जुन्या गावाभोवती दगडी परकोट आहे. पेंढाऱ्यांच्या लुटीपासून येथील सधन व्यापाऱ्यांचे रक्षण व्हावे म्हणून निजामाच्या राजवटीत १८०७ साली तो बांधण्यात आला. त्याचा घेर सुमारे सव्वादोन मैल, म्हणजे साडेतीन किलोमीटरांहून थोडा अधिक आणि उंची वीस ते सव्वीस फूट. त्याला पाच दरवाजे व चार खिडक्या आहेत. येथे खिडकी म्हणजे भिंतीतील लहान दार. मोठे दरवाजे मिटल्यावर माणसाने वाकून आत यावे, असा या खिडक्यांचा उपयोग.

मुलगा अंबा दरवाजातून शेकडो वेळा गेला होता. पण त्याने मान वर करून कधी पाहिले नव्हते. त्या दिवशी तो भिंतीच्या कडेने पावले मोजत चालला. कोठे दगड निखळले होते, कोठे भिंतीला टेकून दुकाने उभी होती, कोठे कचऱ्याचा ढीग होता. बहिणीने विचारले, "एवढी मोठी भिंत कोणी पाडली?" आई म्हणाली, "पाडली थोडी, आणि कोणी पाहिलीच नाही म्हणून पडली थोडी." ज्या वास्तूकडे गाव पाहत नाही, तिचा एक एक दगड नकळत नाहीसा होतो, हे मुलाला तेथे उमगले. घरी आल्यावर वडिलांनी पानावर लिहिले : खर्च, काही नाही.

मार्गशीर्षातील रविवारी पहाटेच सर्वजण छत्री तलावाकडे पायी निघाले. पाण्यावर धुके तरंगत होते. ऊन वर आले तसे पक्षी दिसू लागले. पंख पसरून वाळवीत बसलेला पाणकावळा, पाण्यावर नेम धरून असलेला खंड्या, काठाशी ध्यानस्थ बगळा. काळ्या रंगाचे, कपाळावर पांढरा टिळा असलेले काही पक्षी थव्याने पोहत होते. या पक्ष्याला मराठीत 'वारकरी' म्हणतात, हे ऐकून आजीला हसू आले. "यांची वारी पाण्यातून दिसते," ती म्हणाली. हिवाळ्यात दूर उत्तरेकडील थंड प्रदेशांतून अनेक जातींची बदके वऱ्हाडातील तलावांवर उतरतात. हजारो कोसांवरून आलेले ते पाहुणे पाहावयास अमरावतीकराला मात्र थोडीशीच पायपीट करावी लागते! तलावापलीकडे पोहऱ्याच्या टेकड्यांचे जंगल आहे. तेथे बिबट्यांचा वावर असल्याने अंधार पडेपर्यंत न थांबता मंडळी वेळेवर परतली. त्या दिवशीचा खर्च : भाजलेल्या शेंगांपुरता.

पौष महिना आला. या महिन्यातील रविवारी पूर्णा नदीच्या काठी ऋणमोचन येथे यात्रा भरते. आजीची इच्छा होती म्हणून सर्वजण एस.टी.ने तेथे गेले. पूर्णा ही वऱ्हाडची जीवनरेखा. सातपुड्यातील गाविलगडच्या डोंगरात ती उगम पावते, पश्चिमेस वाहत जाते आणि पुढे तापीला मिळते. तिच्या खोऱ्यातील काळी जमीन कापसाला मानवते. पण त्याच खोऱ्यात मोठा खारपाणपट्टा पसरलेला आहे. तेथील विहिरींचे पाणी खारट. मुलाने एका विहिरीचे पाणी जिभेला लावून पाहिले आणि तोंड वाकडे केले. भूगोलाच्या पुस्तकात दोनदा वाचूनही ध्यानात न राहिलेली गोष्ट एका थेंबाने कायमची ध्यानात राहिली.

ऋणमोचनच्या घाटावर वडिलांनी गाडगेबाबांची गोष्ट सांगितली. बाबांचा जन्म १८७६ साली याच जिल्ह्यातील शेंडगाव येथे झाला. १९०५ साली त्यांनी घर सोडले. अंगावर चिंध्या, एका हातात खराटा आणि दुसऱ्या हातात मातीचे गाडगे घेऊन ते गावोगाव फिरले. ऋणमोचनच्या यात्रेत नदीकाठच्या चिखलात यात्रेकरू घसरून पडत, म्हणून त्यांनी स्वतःच्या हातांनी तेथील वाट नीट केली. पुढे त्यांच्याच प्रयत्नांनी येथे घाट झाला. गावोगावी धर्मशाळा उभारणाऱ्या या माणसाने स्वतःसाठी घर बांधले नाही. २० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीकडे येत असताना वलगावजवळ त्यांनी देह ठेवला.

गोष्ट ऐकता ऐकता मुलाने भोवती पाहिले. जेवणाऱ्यांनी टाकलेल्या पत्रावळी आणि कागदी पेले वाऱ्याने घाटाच्या पायऱ्यांवर येत होते. कोणी काही सांगितले नाही. पण तो उठला आणि गोळा करू लागला. बहीणही त्याच्या मागे गेली. थोड्या वेळाने पलीकडच्या कुटुंबातील दोन मुले त्यांना येऊन मिळाली. पायऱ्या सगळ्या काही स्वच्छ झाल्या नाहीत. तरी जेथे ती चार मुले बसली, तेवढी पायरी स्वच्छ होती.

माघात मात्र आजीने कधी न मागितलेली गोष्ट मागितली. तिचे माहेर अकोला जिल्ह्यातील बाळापूर. भाऊ गेल्यापासून तीस वर्षे ती तेथे गेली नव्हती. "एकदा छत्री पाहून येऊ," एवढेच ती म्हणाली. अमरावतीहून अकोला सुमारे १०० किलोमीटर आणि तेथून बाळापूर आणखी २५. पाच माणसांचे जाणे-येणे! आईच्या कपाळावर आठी उमटली. तेव्हा मुलगाच वही घेऊन बसला. पंचाहत्तर वर्षांवरील नागरिकांना राज्याच्या एस.टी.तून विनामूल्य प्रवास करता यावा, अशी सवलत ऑगस्ट २०२२ पासून आहे. स्त्रियांना मार्च २०२३ पासून निम्मे भाडे पडते. पाच ते बारा वर्षांच्या मुलांनाही अर्धेच तिकीट. मुलाने हिशेब मांडला : बाबांचे एक, आईचे अर्धे, आपले अर्धे, बहिणीचे अर्धे, आजीचे काही नाही. पाच माणसे आणि तिकिटे अडीच! वडिलांनी हिशेब तपासला आणि तो बरोबर असल्याची खूण म्हणून त्याखाली सही केली.

अकोल्यास गाडी बदलण्यापूर्वी त्यांनी मोर्णेकाठचा असदगड पाहिला. अकोलसिंग नावाच्या पुरुषाने येथे एका सशाला कुत्र्याचा पाठलाग करताना पाहिले. ज्या भूमीत ससाही असा शूर होतो ती भूमी शुभ होय, असे मानून त्याने येथे मातीची तटबंदी घातली, अशी दंतकथा आहे. पुढे औरंगजेबाच्या काळात १६९७ साली असदखानाच्या नावाने हा किल्ला मजबूत करण्यात आला. १८०३ साली अडगावच्या लढाईपूर्वी इंग्रजांचा सेनापती वेलस्ली याचा तळ अकोल्यास पडला होता. सशाची गोष्ट बहिणीला फार आवडली. पुढे वाटभर ती ससा होऊन भावाच्या मागे धावत होती.

दुपारी बाळापूर आले. मन आणि म्हैस या दोन नद्यांच्या मध्ये उंचावर तेथील किल्ला उभा आहे. औरंगजेबाचा पुत्र आझमशहा याने त्याचा आरंभ केला आणि अचलपूरचा नवाब इस्माईलखान याने १७५७ साली तो पुरा केला, असे सांगतात. उत्तम भाजलेल्या विटांचे उंच तट आणि एकामागे एक असे दरवाजे पाहून वडीलही थक्क झाले. आजी म्हणाली, "पावसाळ्यात दोन्ही नद्यांले पूर आला का किल्ल्याच्या चहूकडं पाणीच पाणी. आम्ही पोरी गावातून पाहत उभ्या राहत होतो."

मग ती सर्वांना नदीकाठी घेऊन गेली. तेथे मिर्झाराजे जयसिंगाची म्हणून ओळखली जाणारी दगडी छत्री आहे. सुमारे तेहतीस फूट उंचीची ती वास्तू पुराचे तडाखे सोसून उभी आहे. काठी टेकीत आजी चौथऱ्यापाशी गेली, एका खांबावर तिने तळहात ठेवला आणि बराच वेळ ती तशीच उभी राहिली. मग नातवाला जवळ बोलावून म्हणाली, "इथं मी तुझ्याएवढी होते." मुलाने आजीकडे पाहिले. आजी कधी काळी अकरा वर्षांची होती, हे त्याच्या मनात यापूर्वी आलेच नव्हते. छत्रीच्या सावलीत शिदोरी सुटली : ज्वारीची भाकर, झुणका, मिरचीचा ठेचा. आजी त्या दिवशी नेहमीपेक्षा चतकोर भाकर जास्त जेवली.

दुसऱ्या दिवशी शाळेत मुलाने शेजारच्या मित्राला सांगितले, "मी सिमल्याला गेलो नव्हतो. खोटे बोललो." मित्र क्षणभर गप्प राहिला. मग त्याने विचारले, "मग कोठे गेला होतास?" हा मात्र सांगू लागला आणि मधली सुटी संपली तरी त्याचे सांगणे संपेना. पुढच्या रविवारी गोवा पाहून आलेला तो मित्र परकोटाच्या कडेने पावले मोजत त्याच्याबरोबर चालत होता.

वऱ्हाडात अशा जागांचा तोटा नाही. अकोलेकरांना बार्शीटाकळीचे प्राचीन मंदिर, पातूरची लेणी आणि काटेपूर्णेचे धरण जवळ आहे. श्रावणातील शेवटच्या सोमवारी पूर्णेचे पाणी खांद्यावरून राजराजेश्वराला आणणाऱ्या कावडी पाहावयास तर घराच्या ओट्यावर उभे राहिले तरी पुरते. अमरावतीकरांना रुक्मिणीचे माहेर मानलेले वर्धाकाठचे कौंडिण्यपूर आहे, राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचे मोझरी येथील गुरुकुंज आहे, सातपुड्याच्या पायथ्याशी रोडग्यांसाठी प्रसिद्ध असलेली बहिरमची यात्रा आहे. नरनाळ्यासारख्या वनातील गडावर जावयाचे तर वनखात्याचे शुल्क व नियम आधी विचारून घ्यावेत.

आपल्या पूर्वजांनी हे मर्म जाणले होते. कार्तिकात आवळीभोजन, हिवाळ्यात शेतावरचा हुरडा, दसऱ्याला सीमोल्लंघन. वर्षातून काही वेळा तरी सर्व घराने मिळून वेशीबाहेर पडावे, झाडाखाली जेवावे आणि आपला मुलूख डोळ्यांनी पाहावा, अशी योजना त्यांनी सणांतच करून ठेविली. दूरचा प्रवासही करावा. जग मोठे आहे आणि ते पाहण्यासारखे आहे. परंतु दूर जाणे जमेपर्यंत पाहणे थांबवू नये.

त्या हिशेबाच्या वहीतील 'रविवार' हे पान आता भरले आहे. सर्व रकमांची बेरीज फारशी मोठी नाही. वडिलांनी पान उलटून दुसऱ्या पानावर पुन्हा तोच शब्द लिहिला आहे, आणि त्याखाली आजीच्या सांगण्यावरून मुलाने पुढच्या गावाचे नाव घातले आहे.

स्वाध्याय

१. मुलगा वर्गात खोटे का बोलला? ते ऐकून वडिलांना काय वाटले?
२. परकोटातील 'खिडकी' म्हणजे काय? तिचा उपयोग कोणता होता?
३. 'पाडली थोडी, आणि कोणी पाहिलीच नाही म्हणून पडली थोडी', या आईच्या बोलण्याचा अर्थ स्पष्ट करा.
४. ऋणमोचनच्या घाटावर मुलगा कोणाच्या सांगण्यावाचून कामास का लागला असेल?
५. 'काखेत कळसा आणि गावाला वळसा' या म्हणीचा वाक्यात उपयोग करा.
६. तुमच्या कुटुंबाने एस.टी.ने जवळच्या गावी जावयाचे ठरविल्यास किती तिकिटे लागतील, याचा हिशेब मांडा.
७. घरातील वडीलधाऱ्या माणसांना त्यांच्या लहानपणच्या एका जागेविषयी विचारा आणि त्या जागेवर दहा ओळी लिहा.