जुनी बॅटरी दुकानात परत घेताना: दीडशे रुपयांचा धडा



नंदुरबारमध्ये माझं इलेक्ट्रिकलचं दुकान आहे. सुरुवातीच्या काळात मी एक चूक केली. गिऱ्हाइकांकडून आलेल्या दोन जुन्या इन्व्हर्टर बॅटऱ्या फिरत्या भंगारवाल्याला दिल्या, कारण तो दीडशे रुपये जास्त देत होता. त्याने ओझं हलकं करायला दुकानामागच्या गटारीत ॲसिड ओतलं. माझा कामगार तिथे पाणी मारायला गेला, पायावर शिंतोडे उडाले, फोड आले. दवाखान्याचं बिल नऊशे रुपये. त्याच्या घरी जाऊन काय बोलावं, हेच मला सुचेना.

त्या दिवशी कळलं: जास्त भाव देणारा माणूस सुरक्षिततेचा खर्च वाचवतो. तो खर्च दुसरंच कुणीतरी भरतं.

घातक कचरा म्हणजे काय?

२०१६च्या घनकचरा नियमांत घरगुती घातक कचऱ्याची यादी दिली होती: रंगाचे डबे, कीटकनाशकांचे डबे, सीएफएल, ट्यूबलाईट, मुदत संपलेली औषधं, पारा असलेले फुटके थर्मामीटर, बॅटऱ्या, वापरलेल्या सुया. हे ओल्या-सुक्या कचऱ्यात टाकायचं नाही, वेगळं द्यायचं.

यात दुकानदार कुठे येतो?

इन्व्हर्टर बॅटरीत वजनाच्या निम्म्याहून जास्त शिसं असतं. म्हणून तिला भाव आहे, आणि म्हणूनच ती गल्लीबोळात फोडली जाते. हे शिसं लहान मुलांच्या मेंदूवर परिणाम करतं. २००१च्या नियमांत विक्रेत्याने जुनी बॅटरी परत घेणं अपेक्षित होतं. २०२२च्या नियमांत गोळा करून पुनर्वापराला पाठवायची जबाबदारी उत्पादकावर आहे. म्हणून आधी आपल्या डीलरला विचारा.

सीएफएल आणि ट्यूबमध्ये थोडा पारा असतो, पण भंगारात भाव नाही. त्यामुळे त्या कुणी विचारत नाही, आणि थेट घंटागाडीत जातात.

दुकानात काय करायचं?

१. सावलीतला, कोरडा कोपरा ठेवा. बॅटरी उभीच, खाली प्लास्टिकचा ट्रे.

२. मोबाईलच्या बॅटरीच्या टोकांना चिकटपट्टी लावा. फुगलेली बॅटरी दाबू नका, टोचू नका. कोरड्या वाळूत वेगळी ठेवा.

३. ट्यूब खोक्यात अखंड ठेवा. फुटली तर खिडक्या उघडून दहा-पंधरा मिनिटं बाहेर थांबा. मग पुठ्ठ्याने तुकडे गोळा करून झाकणाच्या बरणीत भरा. झाडू मारू नका, पारा पसरतो.

४. वही ठेवा: तारीख, माल, कुणाकडून आला, कुणाला दिला. पावती घ्याच.

५. स्वतः काहीही फोडू नका. माल नोंदणीकृत पुनर्वापर करणाऱ्यालाच द्या. नोंदणी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पोर्टलवर तपासता येते.

आपल्याकडची खरी अडचण

घातक कचऱ्यावर प्रक्रिया करणारी मोठी केंद्रं तळोजा, रांजणगाव, बुटीबोरी अशी लांब आहेत. दोन-चार नगांसाठी गाडी परवडत नाही. पण डीलरची गाडी माल उतरवून रिकामी परत जाते! जुन्या बॅटऱ्या तिच्यातून पाठवता येतील का, हे विचारा. ट्यूब-सीएफएलसाठी नगरपालिकेत चौकशी करा.

यातून लगेच मोठा नफा होईल, असं मी सांगणार नाही. पण "जुनं नीट परत घेणारं दुकान" ही ओळख गिऱ्हाईक टिकवते.

गृहपाठ: या रविवारी स्वतःच्या घरातल्या अशा वस्तू मोजा. मग शेजारच्या पाच घरांत विचारा. तुमच्या कोपऱ्याला किती जागा लागेल, ते लगेच कळेल.

भेटू पुढच्या धड्यात!