परग्रहवासी आले, मुलांना दाखवू का?

प्रश्न : मुलगा चौदाचा, मुलगी दहाची. दोघांना हिंदीत डब केलेला ‘वॉर ऑफ द वर्ल्ड्स’ बघायचा आहे. दाखवू का? – एक आई, परतूर (जि. जालना)

उत्तर : ताई, मुलाला दाखवा. मुलीसाठी थोडं थांबा.

स्पीलबर्गचा हा २००५चा सिनेमा, एच. जी. वेल्स यांच्या १८९८च्या कादंबरीवरचा. रक्त त्यात बेताचंच. पण पोरं परग्रहवासीयांच्या यंत्रांना भीत नाहीत हो, घाबरतात ती ताटातूट पाहून. इथे साधारण तुमच्या लेकीच्याच वयाची मुलगी नदीतून वाहत येणारी प्रेतं बघते आणि बाप तिला सतत लपवत पळतो. ते दृश्य रात्री अंथरुणात आठवतं. त्यामानाने ‘इंडिपेन्डन्स डे’ (१९९६) म्हणजे फटाक्यांची आतषबाजी. शहरं उडतात, पण कुणाचं दुःख फार वेळ रेंगाळत नाही.

प्रमाणपत्र पाहाच. २०२३च्या कायदादुरुस्तीने ‘यूए’ प्रमाणपत्राचे ७+, १३+ आणि १६+ असे तीन भाग झाले. ही बंदी नव्हे, पालकांना सूचना आहे. सिनेमा आधी स्वतः बघा, मग मुलासोबत बसा, दिवसाउजेडी.

लेकीला तोवर ‘कोई... मिल गया’ लावून द्या. आणि शेजारच्या बुलढाण्यातलं लोणार सरोवर दाखवून आणा. आकाशातून खरंच काहीतरी आदळलं होतं ते तिथे! विवराच्या काठावर उभी राहिली की प्रश्न विचारून तुम्हालाच भंडावून सोडेल.