मोजमापावाचून औषध नाही

आमच्या शाळेतील बहुसंख्य विद्यार्थ्यांचे आईवडील शेतात राबतात. पावसाळा आला की गावाकडून सर्पदंशाची वार्ता येते आणि वसतिगृहातील मुले धास्तावतात. म्हणून सर्पदंशावरील औषधाची शक्ती कशी ठरते, त्याचा इतिहास येथे मांडावा, असे आम्हांस वाटले.

१८९० साली बर्लिन येथे बेहरिंग आणि कितासातो यांनी धनुर्वात व घटसर्प या रोगांच्या अभ्यासातून एक गोष्ट सिद्ध केली. जंतूंचे विष पचवलेल्या प्राण्याचे सीरम, म्हणजे रक्त गोठल्यावर उरणारा पिवळसर द्रव, दुसऱ्या प्राण्याला त्या विषापासून वाचवते. त्यातील संरक्षक घटकांना आज आपण प्रतिपिंडे म्हणतो. परंतु एका प्राण्याचे सीरम प्रभावी निघे, तर दुसऱ्याचे दुबळे. विषाच्या आधारे मोजावे, तर साठवलेल्या विषाचीच तीव्रता कमी होई. १८९७ साली पॉल एर्लिख यांनी मार्ग काढला. कोरडे करून जपलेले सीरम त्यांनी प्रमाण मानले आणि नवे सीरम त्याच्याशी ताडून पाहण्याची रीत घातली.

आपल्याकडे नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे यांचे विष घोड्यांना अल्प, पण वाढत्या मात्रेत टोचतात. मुंबईची हाफकिन संस्था या कार्यासाठी परिचित आहे. घोड्याच्या रक्ताचा नमुना घेऊन प्रतिपिंडांची पातळी तपासतात. एलायझा चाचणीत सीरम अधिकाधिक पातळ करत जातात; जितके पातळ करूनही रंग उमटतो, तितकी प्रतिपिंडे अधिक. मात्र प्रतिपिंड विषाला चिकटले म्हणजे विष निष्प्रभ झालेच, असे नव्हे. म्हणून विष व औषध एकत्र करून उंदरांवर अंतिम परीक्षा घेतात. प्रमाणानुसार १ मिलिलिटर औषधाने नागाचे वा घोणसाचे ०.६ मिलिग्रॅम, तर मण्याराचे वा फुरशाचे ०.४५ मिलिग्रॅम विष निष्प्रभ केले पाहिजे.

याच हिशेबातून आणखी एक गोष्ट उमगते. साप मूल पाहून विष कमी सोडत नाही; म्हणून लहान मुलालाही प्रौढाइतकेच औषध द्यावे लागते.

मांत्रिकाच्या मंत्राची अशी परीक्षा कोणी घेतलेली नाही. माजी विद्यार्थ्यांना व पालकांना आमची कळकळीची विनंती आहे: दंश झाल्यास जखम कापू नका, घट्ट आवळपट्टी बांधू नका, रुग्णाला फार हालचाल करू न देता तत्काळ रुग्णालयात न्या. मोजून पारखलेले औषध तेथेच मिळते.