कॅन्सरचे औषध लागू पडेनासे का होते?

विरारला मनवेलपाड्यात पाहुण्यांकडे उतरून परळच्या टाटा रुग्णालयात जाणाऱ्यांना कोडं पडतं : केमोने आटलेली गाठ पुन्हा वाढली कशी?

तणनाशकातून चार तणं वाचतात आणि त्यांचंच बी रानभर होतं, तसंच हे. लाखो पेशींत थोड्या मुळातच वेगळ्या असतात; बाकीच्या मरतात, त्या वाढतात. काही पेशी आत आलेलं औषध पंपासारखं बाहेर फेकतात. हा पंप, पी-ग्लायकोप्रोटीन, १९७६ साली कॅनडात सापडला. एकच पंप अनेक औषधं फेकतो, ही खरी पंचाईत! एकाला दाद न देणारी पेशी दुसऱ्यानं मरावी म्हणून डॉक्टर पुष्कळदा दोन-तीन औषधं एकत्र देतात.

ऊसतोडीच्या घाईत केमोची तारीख चुकवू नका. उरलेल्या पेशींना फुरसत मिळते. ताप आला, रक्ततपासणीत पेशी कमी निघाल्या, तर तारीख पुढं ढकलायची ती डॉक्टरांनीच.